एकशे पंचाण्णव नव्हे, एकशे तीस

मित्रांनो, करंगळीच्या नखाएवढा, कोळशासारखा काळा आणि तरीही आरशासारखा चकाकणारा असा एक जुना स्फटिक आहे मी. जाडी विचाराल, तर वहीच्या एका पानाएवढी. माझं वय एकतीस वर्षं. दगडांच्या मानाने हे वय म्हणजे काहीच नाही. डोंगराच्या पोटातले माझे भाऊबंद ऐकतील तर हसतील. पण मी डोंगरात जन्मलो नाही. मला माणसांनी घडवलं, आणि सतत माणसांच्या हातात राहिलं की दगडही लवकर म्हातारा होतो.

माझा जन्म झाला ती खोली एका मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला होती. जिन्याखालून वळलं की तिचं दार लागे. आत एक खिडकी, सतत ठिबकणाऱ्या नळाचं एक बेसिन, काचेच्या पेटीत बसवलेला नाजूक तराजू आणि कोपऱ्यात एक भट्टी. त्या खोलीच्या मालकीणबाईंना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. त्या शिकवत, म्हणून बाई. भट्टी सांभाळणारे गृहस्थ होते, ते सगळ्यांचे ‘भट्टीकाका’. भट्टीच्या पोटात दर तासाला किती उष्णता आहे, ते पाहून काका एका जाड वहीत लिहून ठेवत. त्यांचं अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं होतं, बारीक आणि सरळ.

मी मुळात दोन भुकट्या होतो. एक खडूसारखी पांढरी, चुन्याच्या जातीची. दुसरी काळी, कोबाल्ट नावाच्या धातूची. बाई त्या दोन्ही खलात तासन्‌तास घोटायच्या. मग त्यात लवकर वितळणारे दोन क्षार घालून ते सगळं पांढऱ्या मुशीत भरायचं आणि मूस भट्टीत ठेवायची. क्षार वितळून त्यांचं पाणी होई आणि आमच्या भुकट्या त्यात विरघळून जात. मग खरं काम सुरू होई, ते म्हणजे वाट पाहण्याचं. खारं पाणी सावकाश आटलं की तळाशी मिठाचे खडे धरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. तसंच हेही. फक्त इथे भट्टी तासाला एकच अंश थंड करायची. घाई केली की स्फटिक होत नाही, चुरा होतो.

माझ्याआधी सोळा मुशी वाया गेल्या होत्या. पहिल्या तीन तडकल्या. काहींत नुसता काळा गाळ निघाला. नवव्या मुशीत माशाच्या खवल्याएवढे सुंदर पापुद्रे निघाले, पण बाईंना नेमकी तेव्हाच शिंक आली आणि ते खोलीभर झाले. त्या दिवशी बाई आणि काका दोघंही गुडघ्यांवर बसून दुपारभर फरशी चाचपत होते.

सतराव्या मुशीत मी होतो. भट्टी नऊशे अंशांवर गेली, तिथे दिवसभर थांबली आणि मग हळूहळू उतरू लागली. पंधरा दिवसांचा प्रवास होता. नवव्या दिवशी सकाळी खोलीच्या दारावर एक कागद लागला. दुरुस्तीसाठी इमारतीची वीज चार तास बंद राहणार होती. बाई गावाला गेल्या होत्या, त्यांच्या आईचं ऑपरेशन होतं. काकांनी कागद वाचला, चष्मा खिशात घातला आणि ते थेट तळमजल्यावर वायरमनच्या खोलीत गेले. पुढचं बोलणं काकांनी नंतर इतक्या वेळा रंगवून सांगितलं, की मला ते पाठ झालं आहे.

“सहा दिवस थांबा,” काका म्हणाले.

“काका, चार तासांचं काम आहे. तेवढ्यात तुमच्या भट्टीवर काय आकाश कोसळणार आहे?”

“आकाश नाही कोसळणार. मूस गोठेल.”

“मग परत तापवा.”

“परत म्हणजे पहिल्यापासून. नऊ दिवस पाण्यात.”

“असं आहे तरी काय त्या भट्टीत?”

 “ते अजून आम्हालाही माहीत नाही,” काका म्हणाले. “म्हणून तर थांबा म्हणतोय.”

एवढं बोलून त्यांनी एक स्टूल ओढलं आणि मुख्य बटणाच्या पेटीसमोर ठाण मांडलं. डबाही तिथेच खाल्ला. दुपारी तीन वाजता वायरमनने कपाळाला हात लावला आणि कागदावरची तारीख बदलली. मी तेव्हा मोहरीच्या दाण्याएवढाही नव्हतो. माझ्यासाठी कोणी भांडलं, ते मी जगात येण्याच्याही आधी.

मूस बाहेर आली तेव्हा तिच्यात मळकट पांढरा गोळा होता. बाईंनी तो कोमट पाण्यात बुडवून ठेवला. दिवसातून दोनदा पाणी बदललं. क्षार विरघळून वाहून गेले आणि तिसऱ्या सकाळी पाण्याच्या तळाशी मी दिसू लागलो. बाईंनी चित्रं रंगवायच्या मऊ कुंचल्याने मला अलगद उचललं.

“काका, हे बघा.”

“काय बघू? मला तर जळकी खपली दिसतेय.”

“उजेडात धरून बघा.”

काकांनी मला खिडकीपाशी नेलं. माझी कड सरळ होती, पट्टीने आखल्यासारखी. तिला जोडून दुसरी सरळ कड, मग तिसरी. हे मुशीने केलं नव्हतं, बाईंनीही केलं नव्हतं. पंधरा दिवस अंधारात एकेक कण आपापल्या जागी येऊन बसला होता.  काकांनी चष्मा काढून पुसला आणि मला पुन्हा एकदा पाहिलं.

मग बाईंनी त्यांना माझं गुपित सांगितलं. मी एकसंध दिसत असलो, तरी थरांचा बनलेलो आहे. एकावर एक असे लाखो थर. त्यांत दोन जाती आहेत. एका जातीच्या थरातून वीज मोकळ्या रस्त्यासारखी धावते. दुसऱ्या जातीचा थर गुंतागुंतीचा, गर्दीचा. उष्णता त्यात अडखळत, धक्के खात जाते. त्यामुळे माझं एक टोक तापवलं, तरी दुसरं बराच वेळ गार राहतं, आणि त्या फरकातून थोडीशी वीज निघते.

“म्हणजे धुराड्यातून फुकट जाणारी ऊब पकडून ह्याच्याकडून वीज करून घ्यायची?” काकांनी विचारलं.

“करून घेता येईल का, ते आधी ह्यालाच विचारायचं,” बाई म्हणाल्या.

मला विचारण्याचं काम एका नव्या विद्यार्थिनीकडे आलं. ती अंगाने बारीक होती आणि बोलायला टोकदार, म्हणून बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ‘टाचणी’ ठेवलं. तिने मला एका छोट्या मांडणीवर चढवलं. माझ्या एका टोकाला इवलासा हीटर, दुसरं टोक गार तांब्याच्या ठोकळ्यावर. पाठ उन्हात आणि पाय पाण्यात असल्यासारखं मला वाटलं. मग केसाहून बारीक तारा तिने चांदीच्या लेपाने मला चिकटवल्या. तारांची एक जोडी किती वीज निघाली ते सांगे. दुसरी जोडी दोन्ही टोकांमध्ये किती अंशांचा फरक आहे ते सांगे. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागलं, की उरतो तो माझा आकडा. माझी लायकी म्हणा हवं तर.

त्या दिवशी माझ्यातून निघालेली वीज भरली सातशे ऐंशी. व्होल्टचे दहा लाख तुकडे केले, तर त्यातले सातशे ऐंशी. आणि अंशांचा फरक भरला चार. भागाकार आला एकशे पंचाण्णव.

टाचणीने कागद बाईंपुढे ठेवला. बाईंनी तो दोनदा वाचला.

“परत मोज.”

तिने परत मोजलं. एकशे चौऱ्याण्णव. तिसऱ्यांदा मोजलं. एकशे पंचाण्णव. माझ्या जातीच्या स्फटिकाचा एवढा मोठा आकडा तोवर कोणी पाहिला नव्हता. बाई खुर्चीत बसल्या आणि चहा गार होईपर्यंत नुसत्या बसून राहिल्या.

मित्रांनो, इथे मला एक कबुली द्यायची आहे. तो आकडा माझा नव्हता. माझ्या तापलेल्या टोकाला चिकटवलेल्या लेपाला एक बारीक चीर गेली होती. तार मला नीट टेकतच नव्हती, त्यामुळे मी किती तापलोय हे तिला पुरतं कळत नव्हतं. दोन टोकांमध्ये फरक होता सहा अंशांचा, आणि ती सांगत होती चार. तीनदा मोजलं तरी तार तीच, चीर तीच, म्हणून चूकही तीच. मला हे पहिल्या क्षणापासून जाणवत होतं. पण मला तोंड कुठे होतं? आणि खरं सांगायचं, तर पुढे जे कौतुक झालं ते मलाही गोड लागलं.

कौतुक म्हणजे काय, तर विचारू नका. बाईंचा आणि टाचणीचा लेख छापून आला. लांबलांबून पत्रं आली. माझा फोटो काढून दाराएवढा मोठा केला आणि भिंतीवर लावला. नखाएवढा मी, भिंतीवर दाराएवढा. येणारा-जाणारा फोटोपुढे उभा राही, आणि काका पत्र्याच्या डबीतून खऱ्या मला मांडणीसकट काढून दाखवत. “हात लावायचा नाही,” ते आधीच बजावत. इमारतीतले जे लोक पूर्वी ह्या खोलीत डोकावतही नसत, ते चहाला येऊन बसू लागले. बाईंना विभागाचं प्रमुख करणार, असंही बोललं जाऊ लागलं. बाई वरवर हसण्यावारी नेत, पण त्या दिवसांत त्यांची चालच बदलली होती.

दोन वर्षं अशी गेली. मग वेगळी पत्रं येऊ लागली. इतर प्रयोगशाळांनीही माझे भाऊबंद वाढवले होते. कोणाला आकडा मिळाला एकशे अठ्ठावीस, कोणाला एकशे एकतीस. एकशे पंचाण्णव कोणालाच मिळेना. पहिल्या पत्रावर बाई म्हणाल्या, “त्यांनी घाई केली असेल.” तिसऱ्या पत्रावर म्हणाल्या, “त्यांचे स्फटिक धड नसतील.” पाचवं पत्र त्यांनी वाचलं आणि काही न बोलता खणात टाकलं.

टाचणीचा प्रबंध तेव्हा संपत आला होता. त्यातलं चौथं प्रकरण माझ्यावर होतं, आणि सगळ्या प्रबंधाचा भार त्याच प्रकरणावर होता. सहा आठवड्यांत तो द्यायचा होता. दूरच्या एका संस्थेने तिच्यासाठी जागा राखून ठेवली होती, प्रबंध वेळेत झाला तर. एका दुपारी तिला माझं एक शेवटचं रेखाचित्र काढायचं होतं, म्हणून तिने मला मांडणीसकट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. बराच वेळ ती डोळा लावून बसली. मग तिने सुईच्या टोकाने तारेला हळूच ढकललं. तार हलली. ती हलायला नको होती.

टाचणीने जुना लेप खरवडून काढला, नवा लावला, तो वाळू दिला आणि मला मोजलं. एकशे तीस. तिने लेप पुन्हा बदलला. एकशे तीस. संध्याकाळपर्यंत तिने मला अकरा वेळा मोजलं. मग यंत्र बंद केलं, मला डबीत ठेवलं, झाकण लावलं आणि ती डबीकडे पाहत राहिली. मला झाकणाआडून तिचा श्वास ऐकू येत होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. कोणी विचारलंही नसतं. डबी खणात गेली असती, की एकशे पंचाण्णव कायमचा राहिला असता.

काका वही लिहायला आत आले. त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

“काय गं, काय झालं?”

तिने सगळं सांगितलं. काका स्टुलावर टेकले.

“मी भट्टीचा माणूस,” ते म्हणाले. “मला तुमचं ते भागाकाराचं कळत नाही. पण वहीत माझा आकडा चुकला तर मी तो खोडून काढत नाही. त्यावर एक रेघ मारतो आणि शेजारी बरोबरचा लिहितो. चुकलेला वाचता आला पाहिजे. नाहीतर पुढच्याला कसं कळणार, की मी कुठे चुकलो होतो?”

“काका, ही वही नाहीये. ह्या बाई आहेत.”

“ते आहेच,” काका म्हणाले, आणि भट्टीची उष्णता लिहायला वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाचणीने डबी बाईंच्या टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगून टाकलं. बाईंचा चेहरा जराही हलला नाही.

“किती वेळा मोजलंस?”

“अकरा.”

“बाराव्यांदा मी मोजते.”

त्यांनी स्वतः मला मांडणीवर चढवलं. पाच-सहा वर्षं त्यांनी हे काम स्वतः केलं नव्हतं. तरी तारा नीट बसल्या. त्यांनी आकडा पाहिला. एकशे एकतीस.

“तू हे आधी का नाही पाहिलंस?” त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

 बाई उठल्या आणि दार ओढून घेऊन निघून गेल्या. पुढचे चार दिवस त्या टाचणीशी एक शब्दही बोलल्या नाहीत. मी मांडणीवर तसाच होतो. बाई येत, खिडकीशी बसत, जुन्या वह्या चाळत, कागदावर काहीतरी गणितं करत आणि ते कागद फाडून टाकत. टाचणी येई, आपल्या कोपऱ्यात बसे. भट्टीकाका दोघींना चहा आणून देत. दोन्ही कप भरलेलेच परत जात.

पाचव्या दिवशी बाईंनी टाचणीला बोलावलं. टेबलावर एक पत्र होतं, जिथे लेख छापून आला होता त्यांनाच लिहिलेलं. पहिलंच वाक्य होतं: ‘आम्ही जाहीर केलेला आकडा चुकीचा आहे.’ खाली एकच नाव होतं, बाईंचं.

“माझंही नाव हवं,” टाचणी म्हणाली. “तारा मी चिकटवल्या होत्या.”

“तुझं सगळं आयुष्य पुढे आहे. उगाच कशाला?”

“लेखावर दोघींची नावं होती. चुकीवर एकीचंच कसं?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या पाच दिवसांत त्या पहिल्यांदाच जराशा हसल्या. “नाव अगदी बरोबर ठेवलं होतं मी तुझं,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

पत्र छापून आलं. त्यानंतर जे झालं ते फारसं गोड नाही. चहाला येणारे लोक यायचे थांबले. विभागाचं प्रमुखपद दुसऱ्या कोणाला तरी गेलं. “जरा थांबायचं होतं, एवढी घाई काय होती कबुलीची?” असं एक वरिष्ठ जिन्यात बाईंना म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. टाचणीचा प्रबंध लांबला आणि ती राखून ठेवलेली जागाही गेली. काकांनी भिंतीवरचा माझा फोटो उतरवला. त्याच्यामागे भिंतीचा मूळ रंग तसाच राहिला होता, दाराएवढा एक फिकट चौकोन.

काही महिन्यांनी मुशी धुताना बाई सहज म्हणाल्या, “फोटो काढल्यापासून भिंत मोकळी वाटते, नाही?”

“रंग देऊन घेऊ?” काकांनी विचारलं.

“नको. राहू दे.”

टाचणी मात्र माझ्या मागे हात धुऊन लागली. आता खरा आकडा नुसता खरा असून चालणार नव्हतं, तो कोणालाही शंका घेता येणार नाही इतका खरा हवा होता. तिने मला चाळीस वेळा मोजलं, दर वेळी नव्या तारा लावून. मग तिने मला कापसात गुंडाळून सहा प्रयोगशाळांत पाठवलं. मी आयुष्यात तेवढाच प्रवास केला. एका ठिकाणी मला सोन्याच्या तारा लागल्या. एका ठिकाणी आठवडाभर चहाच्या बशीत ठेवलं होतं, आणि कोणीतरी माझा एक कोपरा मोडला. पण सहाही ठिकाणी आकडा एकच आला: एकशे तीस, फार तर एखाद्याने कमी-जास्त. दीड वर्षाने टाचणीचा प्रबंध पूर्ण झाला. परीक्षकांनी तिला दोन तास फक्त चौथ्या प्रकरणावर प्रश्न विचारले. मग ती दुसऱ्या एका कामावर दूर निघून गेली. जाताना तिने माझ्या डबीवर चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर माझा आकडा, तारीख आणि ‘कडेने धरावे’ एवढे तीन शब्द… नव्हे, दोनच. म्हातारपणी माझं मोजणं असं चुकतं.

त्यानंतर माझे खणातले दिवस सुरू झाले. माझ्या सोबतीला वाळलेली पेनं, एक तुटकी पट्टी आणि कोणाच्या तरी कोटाचं बटण होतं. बाई त्याच खोलीत आणखी दहा-अकरा वर्षं काम करत राहिल्या. त्यांनी दुसरे स्फटिक वाढवले, चांगले वाढवले, पण त्यांचे फोटो कोणी काढले नाहीत. भट्टीकाका निवृत्त झाले. त्यांच्या जागी स्वतःची उष्णता स्वतःच लिहून ठेवणारी भट्टी आली. ती कधी कोणाशी भांडायला गेल्याचं मी ऐकलं नाही. मग बाईंचाही शेवटचा दिवस आला. त्यांनी टेबल आवरलं. माझी डबी उघडली, मला पाहिलं, झाकण लावलं आणि डबी परत खणात ठेवली. मी खोलीचा होतो, त्यांचा नव्हतो. हा हिशेब त्यांच्याकडून चुकणं शक्यच नव्हतं.

पुढे नऊ वर्षं खण कोणी उघडला नाही. उपेक्षेची सवय होते, मित्रांनो. वाईट एवढंच वाटे, की माझ्यातून अजून वीज निघते का, हे विचारायलाही कोणी येत नव्हतं.

एके दिवशी खोलीत गलका ऐकू आला. कपाटाएवढं नवं यंत्र आलं होतं आणि त्याने एका नव्या स्फटिकाचा आकडा दाखवला होता, आजवर कधीच न पाहिलेला. विद्यार्थी टाळ्या पिटत होते. तेवढ्यात एक ओळखीचा, टोकदार आवाज म्हणाला, “थांबा जरा. आधी ओळखीच्या माणसाला विचारू.”

खण उघडला. कानशिलांवरचे केस पांढरे झालेली टाचणी माझ्याकडे पाहत होती. आता ती त्याच खोलीची प्रमुख होती आणि सगळे तिला ‘मॅडम’ म्हणत होते. तिने मला कडेने उचललं आणि नव्या यंत्रात ठेवलं. यंत्र म्हणालं, एकशे एकाहत्तर.

“मॅडम, हा फार जुना आहे,” एक विद्यार्थी म्हणाला. “खराब झाला असेल.”

“हा खराब झालेला नाही. यंत्र उघडा.”

दोन दिवस शोधाशोध झाली. यंत्रातला उष्णता मोजणारा एक भाग जागेवरून सरकलेला निघाला. तो नीट बसवल्यावर यंत्राने माझा आकडा एकशे तीस सांगितला. नव्या स्फटिकाचा आकडाही निमूटपणे खाली आला. टाळ्या पिटणारे हिरमुसले. टाचणीने मात्र त्याच दिवशी बाईंना फोन केला.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या. हातात काठी, सोबत भाचा. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण जिन्याखालचं वळण त्यांनी न विचारता घेतलं. टाचणीने मला त्यांच्या तळहातावर ठेवलं. मी कित्येक वर्षांनी त्या हाताची ऊब घेतली.

“आजी, तुम्हीही इथे काम करायचात का?” एका विद्यार्थिनीने विचारलं.

“करत होते. हा मीच वाढवला,” बाई म्हणाल्या. “आणि ह्याच्याबद्दल सगळ्या जगाला खोटंही मीच सांगितलं. मुद्दाम नाही. पण सांगितलं.”

 बाईंनी टाचणीच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

“त्या चार दिवसांत तुला वाटलं असेल, मी तुझ्यावर रागावले आहे.”

“वाटलं होतं. अजूनही वाटतं.”

“रागावले नव्हते गं. मी चार दिवस वाट शोधत होते. कुठूनतरी, कसाही, एकशे पंचाण्णव खरा ठरेल अशी वाट. प्रत्येक वही उघडली. तुझं मोजमाप चुकीचं ठरवता येईल का, तेही पाहिलं.” त्यांनी अंगठ्याने माझी कड चाचपली. “नाही सापडली. सापडली असती, तर मी ती धरली असती की काय, ह्याचीच मला भीती वाटते.”

 टाचणीने बाईंचा हात माझ्यासकट आपल्या दोन्ही हातांत धरला. जोरात नाही, नाहीतर मी मोडलो असतो.

बाई आता नाहीत. काका त्यांच्याही आधी गेले. मी मात्र त्या दिवसानंतर पुन्हा कामाला लागलो. ह्या खोलीत नवं यंत्र आलं, नवा विद्यार्थी आला, की आधी मला मोजतात. माझा आकडा बरोबर आला तरच पुढचं काम. मोठेपणा मिळाला होता तेव्हा मी कोणाच्या उपयोगाचा नव्हतो. आता भिंतीवर माझा फोटो नाही, पण माझ्यावाचून कोणाचं पान हलत नाही.

पण लेप लावताना आणि काढताना दर वेळी माझा एखादा थर सुटून जातो. मी झिजत चाललो आहे. म्हणून टाचणीच्या विद्यार्थ्यांनी माझ्या जागी एक नवा स्फटिक वाढवला. परवा आम्हा दोघांना शेजारी-शेजारी ठेवून मोजलं. त्याचाही आकडा माझ्याएवढाच आला. तो अजून कोवळा आहे, त्याच्या सगळ्या कडा शाबूत आहेत. आता माझ्या वाटचं काम तो करील. मी खिडकीजवळच्या फळीवर डबीत असेन. दुपारी तिथे ऊन येतं.

मित्रांनो, तुम्ही कधी ह्या खोलीत आलात, तर डबी जरूर उघडा. मला चिमटीत दाबू नका, कडेने उचला, आणि पाहून झालं की झाकण लावा. आमच्यासारखी जुनी, शांत पडून असलेली वस्तू टाकून देण्याआधी तिला एकदा विचारून पाहा, तिच्याकडे अजून सांगण्यासारखं बरंच असतं. आणि माझा आकडा बाहेर कोणाला सांगणार असाल, तर माझ्या शब्दावर जाऊ नका. यंत्र तिथेच आहे. आधी स्वतः मोजा.